स्वतः वाजणारा, स्वतः बदलणारा मॉड्युलर पॅच कसा बांधावा

पॅच म्हणजे सिंथेसायझरची सुटी मॉड्यूल्स केबल्सनी जोडून केलेली रचना. हात न लावता वाजत राहणारा पॅच दहा मिनिटांत बांधता येतो. एक रँडम व्होल्टेज घ्यायचं, ते सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला जोडायचं, ठोके देणारं क्लॉक लावायचं, झालं. पण असा पॅच पाच मिनिटं ऐकला की पुढच्या पाच तासांचा अंदाज येतो. सूर बदलत राहतात, संगीत मात्र जागचं हलत नाही.

मग बहुतेक जण आणखी रँडम मॉड्यूल्स जोडायला लागतात. माझ्या मते वाट चुकते ती इथेच. सहा आवाजांना सहा स्वतंत्र रँडम स्रोत दिले तर सहाही जण आपापलं बोलत राहतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. पॅच वाढतो तो एका भागातली घटना दुसऱ्या भागाला कारण म्हणून पोचते तेव्हा. वरच्या आवाजाने पंचम गाठला म्हणून खर्जातला आवाज जागा झाला, खर्ज वाजतोय म्हणून वरचा थांबला, बत्तीस सूर वाजून झाले म्हणून सगळ्याचा रंग पालटला. असाच एक पॅच आपण पहिल्या केबलपासून बांधणार आहोत.

सामान

सुरुवात संगणकावर करा. व्हीसीव्ही रॅक हा मॉड्युलर सिंथेसायझरचा प्रोग्रॅम आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. आत खऱ्या युरोरॅकसारखीच (युरोरॅक म्हणजे हार्डवेअर मॉड्युलरची प्रचलित पद्धत) मॉड्यूल्स आणि केबल्स असतात. केबलमधून फिरतं ते व्होल्टेज आणि सुरांचा हिशोबही तोच, म्हणजे एका सप्तकाला १ व्होल्ट. इथे शिकलेलं काहीही नंतर खऱ्या मॉड्यूल्सवर वाया जात नाही.

मोफत लायब्ररीतून एवढं घ्या: रॅकसोबत येणारा फंडामेंटल संच (ऑसिलेटर, फिल्टर, व्होल्टेजने पातळी कमी-जास्त करणारा व्हीसीए, सावकाश हलणारं व्होल्टेज देणारा एलएफओ, नॉइझ, व्होल्टेज ठरलेल्या सुरांवर नेणारा क्वांटायझर, ऑक्टेव्ह, व्होल्टेजचं प्रमाण आणि चिन्ह बदलणारं ८व्हर्ट, सीक्वेन्सर, व्होल्टेज पडद्यावर दाखवणारा स्कोप), बेफॅकोचं रॅम्पेज (चढ-उतार करणारं व्होल्टेज देणारं), ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्सचे बर्नुली गेट आणि रँडम सॅम्प्लर, बोगऑडिओचा सॅम्पल अँड होल्ड (इशारा मिळताच व्होल्टेज पकडून ठेवणारा) आणि कम्पॅरेटर (व्होल्टेज सीमेच्या वर गेलं का ते पाहणारा), आणि घुमाऱ्यासाठी, म्हणजे रिव्हर्बसाठी, व्हॅलीचं प्लॅटो. शिवाय एखादा क्लॉक डिव्हायडर (ठरावीक इशारे झाले की एक इशारा देणारा) आणि एक स्ल्यू लिमिटर (व्होल्टेजची उडी सावकाश करणारा). हे दोन्ही लायब्ररीत अनेक प्रकारचे मिळतात, कोणताही चालेल.

आपल्याकडे हे वाद्य आजचं नाही. १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग मॉड्युलर सिंथेसायझर घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. पन्नासेक वर्षांपूर्वी जे एका संस्थेच्या एका खोलीत होतं, ते आज पुण्यात किंवा सावंतवाडीत बसून लॅपटॉपवर करता येतं, आणि याचं मला अजूनही फार अप्रूप आहे.

आधी षड्ज-पंचम

दोन ऑसिलेटर घ्या आणि दोघांचा सॉ (करवती तरंगाचा) आउटपुट वापरा. फ्रीक्वेन्सीच्या नॉबवर उजवी क्लिक केली की आकडा टाइप करता येतो. पहिल्याला १३०.८१ हर्ट्झ द्या. हा पांढरी एकचा षड्ज, मधल्या सप्तकाच्या एक सप्तक खाली. दुसऱ्याला पंचम द्यायचा. शुद्ध पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणजे १९६.२२ येतो. तो नेमका तसाच ठेवला तर आस, म्हणजे मागे सतत चालणारा षड्ज-पंचम, निश्चल राहते. त्याऐवजी १९६.५ टाका. आता षड्जाचा तिसरा स्वरांश (मूळ सुराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीचा) ३९२.४३ हर्ट्झवर आणि पंचमाचा दुसरा ३९३ वर. दोघांत ०.५७ हर्ट्झचा फरक, म्हणून साधारण पावणेदोन सेकंदांनी एक हलकी लाट येते. ही लाट फुकट मिळालेलं पहिलं चलनवलन आहे, आणि तिला एकही रँडम मॉड्यूल लागलेलं नाही.

दोन्ही ऑसिलेटर मिक्सरमधून एका फिल्टरमध्ये घाला, कटऑफ इतका खाली ठेवा की आवाज भरड न राहता मऊ होईल, आणि तिथून ऑडिओ मॉड्यूलला जोडा. पातळी कमी ठेवा. वरचे आवाज आले की ही आस जेमतेम जाणवली पाहिजे.

पहिला आवाज: सूर आणि विराम यांची जोडी

स्वतः वाजणाऱ्या पॅचमध्ये 'क्रेल' नावाची रचना सर्वांना माहीत असते. टॉड बार्टन यांनी बुक्ला सिंथेसायझरवर ती लोकप्रिय केली. नाव १९५६ च्या एका विज्ञानपटातलं, ज्याचं पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक संगीत लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने केलं होतं. रचनेचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: सूर संपला की तोच पुढच्या सुराला जन्म देतो. एन्व्हलप, म्हणजे सुराचा चढ-उतार ठरवणारं व्होल्टेज, खाली येऊन टेकला की एक ट्रिगर, म्हणजे क्षणिक इशारा, निघतो, त्या ट्रिगरने सॅम्पल अँड होल्ड नवं व्होल्टेज पकडतो, आणि तेच व्होल्टेज पुढच्या सुराची उंचीही ठरवतं आणि लांबीही. क्लॉक कुठेच नाही. आवाज शून्यावर असतानाच सूर बदलतो, त्यामुळे खटकाही ऐकू येत नाही.

मी ही रचना थोडी बदलून वापरतो, कारण मूळ रूपात तिला श्वास घ्यायला जागा नसते. रॅम्पेजमध्ये अ आणि ब असे दोन सारखे भाग आहेत. अ ला सूर करू आणि ब ला विराम.

१. तिसरा ऑसिलेटर घ्या, ट्रँगल आउटपुट वापरा, तो व्हीसीएमध्ये घाला. रॅम्पेजच्या अ चा मुख्य आउटपुट व्हीसीएच्या कंट्रोल इनपुटला जोडा. ब चा मुख्य आउटपुट कुठेही जोडायचा नाही, कारण त्याचं काम फक्त वेळ मोजण्याचं.

२. अ चा ईओसी आउटपुट, म्हणजे फेरी संपल्याचा ट्रिगर, ब च्या ट्रिगर इनपुटला जोडा. ब चा ईओसी अ च्या ट्रिगर इनपुटला.

३. अ ची रेंज मधली ठेवा: चढ अर्ध्या सेकंदाच्या आसपास, उतार दोन-तीन सेकंद. ब ची रेंज सर्वांत लांब, चढ-उतार मिळून चार-पाच सेकंद होतील असा.

४. दोन्हीकडची सायकल बटणं बंद. आता काहीच वाजणार नाही, कारण दोघंही एकमेकांची वाट बघतायत. अ चं सायकल बटण क्षणभर चालू करून बंद करा. गाडं सुरू होईल आणि चालू राहील. पुढे पॅच कधी अचानक गप्प झाला तर हीच जागा आधी तपासा.

५. नॉइझ मॉड्यूलचा व्हाइट आउटपुट सॅम्पल अँड होल्डच्या इनपुटला, आणि ब चा ईओसी त्याच्या ट्रिगरला. म्हणजे विराम संपतो त्या क्षणी नवं व्होल्टेज तयार.

६. पकडलेलं व्होल्टेज ८व्हर्टच्या तीन ओळींत वाटा. पहिली ओळ सुराच्या उंचीसाठी, साधारण १० टक्क्यांवर. दुसरी अ च्या उताराच्या सीव्हीला (कंट्रोल व्होल्टेजच्या इनपुटला), ३० टक्क्यांवर. तिसरी ब च्या उताराला, तेवढ्याच प्रमाणात पण उलट्या चिन्हाने. यामुळे लांब सुरानंतर आखूड विराम आणि आखूड सुरानंतर लांब विराम असं नातं तयार होतं. चिन्हं बदलून पाहा, कानाला जे बरं वाटेल ते ठेवा.

इथे थांबून दहा मिनिटं ऐका. सुरांची उंची अजून मोकाट आहे, पण लय ऐका. क्लॉकवरचा पॅच आणि हा पॅच यांतला फरक इतका आहे की एकदा कानाला पटला की क्लॉकवर परत जावंसं वाटत नाही.

सुरांना वजन

उंचीची ओळ क्वांटायझरमध्ये घाला आणि तिथून ऑसिलेटरला. क्वांटायझरवर बारा सुरांच्या पट्ट्या दिसतात. सा रे ग प ध चालू ठेवा, बाकी बंद. पांढरी एकला षड्ज धरलं तर हे सी, डी, ई, जी, ए. व्होल्टात सांगायचं तर ०, ०.१६७, ०.३३३, ०.५८३ आणि ०.७५.

नव्याने करणारा इथे समाधानी होतो, कारण पाच सुरांत काही बेसूर वाटत नाही. पण जरा ऐका, सगळेच सूर सारख्या हक्काने येतायत. आपल्या कानाला हे लगेच खटकतं. भूप आणि देसकार या दोन रागांचे सूर हेच पाच. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. त्याच पाच सुरांवर भार कुठे आणि चलन कसं यावरून राग वेगळा होतो. स्केल निवडून देणाऱ्या क्वांटायझरला यातलं काही माहीत नसतं.

भार देण्याची एक साधी युक्ती आहे, आणि या पॅचमधली माझी सर्वांत आवडती गोष्ट तीच. रॅकमधल्या व्हाइट नॉइझची व्होल्टेजेस सपाट पसरलेली नसतात. शून्याजवळची जास्त वेळा येतात, दूरची क्वचित, घंटेच्या आकाराच्या आलेखासारखी. म्हणून आपण काही केलं नाही तरी सूर षड्जाभोवती जमतात. आता ही घंटा उचलून गंधारावर ठेवायची. क्वांटायझरवर ऑफसेटचा नॉब आहे, त्यावर उजवी क्लिक करून ४ सेमिटोन टाका. घंटेचं टोक गंधारावर आलं. रिषभ आणि पंचम त्याच्या दोन बाजूंना, मंद्र धैवत कधीतरी, तार षड्ज त्याहून क्वचित. ९ टाकलं की टोक धैवतावर जातं आणि त्याच पाच सुरांचा चेहरा बदलतो. उंचीच्या ओळीचं प्रमाण १० वरून ६ टक्क्यांवर आणलं की घंटा अरुंद होते आणि भार आणखी ठळक होतो.

आणखी एक बारकावा. जवळच्या सुरावर नेणाऱ्या क्वांटायझरमध्ये ज्या सुराच्या आजूबाजूला मोकळी जागा जास्त, त्याच्या वाट्याला व्होल्टेजेसही जास्त येतात. सा रे ग प ध मध्ये ग आणि प यांत तीन सेमिटोनचं अंतर आहे, ध आणि तार सा यांतही. रिषभाच्या दोन्ही बाजूंना मात्र दोन-दोनच. अगदी सपाट रँडम दिलं तरी रिषभाला बारापैकी दोन वाटे आणि बाकी चौघांना अडीच-अडीच. स्केल बदललं की ही वाटणी बदलते, आणि पॅच अमुक सुरावर उगाच का रेंगाळतोय याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

याला भूप म्हणू नये. मींड नाही, चलन नाही, आणि गंधार समान बारा भागांच्या पट्टीतला असल्याने शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) चढा आहे. षड्जाच्या आसेवर तो किंचित तीव्र वाटतो. म्हणूनच या आवाजाला ट्रँगल तरंग दिला. त्यात वरचे स्वरांश कमी आणि क्षीण असतात, घर्षण कमी जाणवतं.

आठवण

पुढची अडचण अशी की हा आवाज काहीच लक्षात ठेवत नाही. वाजवलेलं पुन्हा कधीच वाजवत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला धरायला काही मिळत नाही. बदल कळायचा तर आधी काहीतरी ओळखीचं झालेलं असावं लागतं.

सोपा उपाय बर्नुली गेट. हे मॉड्यूल आलेला प्रत्येक ट्रिगर नाणेफेक करून दोनांपैकी एका आउटपुटला पाठवतं, आणि नाण्याचा कल नॉबने ठरवता येतो. ब चा ईओसी सॅम्पल अँड होल्डला थेट देण्याऐवजी बर्नुली गेटमधून द्या आणि ६०-४० असा कल ठेवा. ४० टक्के वेळा नवं व्होल्टेज पकडलंच जात नाही, सूर तोच राहतो, लांबीही तीच. एका केबलच्या बदलाने न्यास, म्हणजे सुरावर थांबणं, आल्यासारखा वाटतो.

खोलवर जायचं असेल तर शिफ्ट रजिस्टर. टॉम व्हिटवेल यांचं ट्युरिंग मशीन हे २०१२ सालचं मॉड्यूल याचं उत्तम उदाहरण. आत १६ बिटांची एक साखळी गोल फिरत असते, आणि दर पावलाला टोकाचा बिट तसाच राहणार की उलटणार हे मोठा नॉब ठरवतो. नॉब मध्यावर असला तर प्रत्येक बिट नाणेफेकीवर. पूर्ण उजवीकडे साखळी कुलूपबंद, तीच धून फिरत राहते. खरी मजा उजव्या टोकाच्या किंचित अलीकडे आहे. धून फिरते, आणि मध्येच एखादा सूर निसटून दुसरा येतो. काही वेळाने धून तीच वाटते, पण ती तशी उरलेली नसते.

एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं मार्बल्स हेच काम जास्त बारकाईने करतं. त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणून ते रॅकमध्ये रँडम सॅम्प्लर या नावाने मोफत मिळतं. त्याच्या एक्स विभागाच्या क्लॉक इनपुटला ब चा ईओसी द्या आणि एक्स चा एक आउटपुट नॉइझ-सॅम्पलच्या जागी वापरा. नॉब समजून घेण्यासारखे आहेत. 'देजा व्हू' डावीकडे असेल तर सगळं नवं, बारा वाजता, म्हणजे सरळ वर, ठेवला तर कायम तीच ओळ, उजवीकडे नेला तर त्याच ओळीतले सूर उलटसुलट क्रमाने. 'स्प्रेड' अगदी डावीकडे असेल तर एकच व्होल्टेज, मध्यावर घंटा, पुढे सपाट, आणि अगदी उजवीकडे फक्त दोन टोकं. 'बायस' घंटेचं टोक सरकवतो. 'स्टेप्स' मध्याच्या पुढे नेला की सूर कमी कमी होत जातात आणि शेवटी नुसता षड्ज उरतो. देजा व्हू बाराच्या जरा अलीकडे आणि लांबी ५ किंवा ७ ही माझी सुरुवातीची जागा. आठ नको, आठाची ओळ फार लवकर पाठ होते.

दुसरा आवाज: ऐकणारा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. खर्जातला एक आवाज जोडायचा आहे, पण त्याला स्वतःचं रँडम द्यायचं नाही. त्याने पहिल्याकडे कान लावून राहायचं.

पहिल्या आवाजाचं क्वांटायझरनंतरचं व्होल्टेज कम्पॅरेटरला द्या आणि सीमा ०.५५ व्होल्टवर ठेवा. पंचम ०.५८३ वर आहे, म्हणून पंचम आणि वरचे सूर आले की गेट (चालू-बंद असं व्होल्टेज) उघडतं, खालचे आले की मिटतं. हे गेट दुसऱ्या आवाजाच्या एन्व्हलपला ट्रिगर म्हणून द्या. चढ दोन सेकंद, उतार आठ-दहा. हा एन्व्हलप दुसऱ्या रॅम्पेजच्या अ भागाने करा. लागोपाठ दोन वरचे सूर आले तर गेट उघडंच असतं, नवा ट्रिगर निघत नाही. त्यामुळे हा आवाज मोजकाच बोलतो.

त्याच्या सुराचं काय? तेच गेट दुसऱ्या सॅम्पल अँड होल्डला द्या आणि इनपुटला पहिल्या आवाजाचं व्होल्टेज. गेट उघडताना पहिला जो सूर घेत होता तो पकडला जातो. तो ऑक्टेव्ह मॉड्यूलने दोन सप्तकं खाली न्या आणि चौथ्या ऑसिलेटरला द्या. पहिल्याने धैवत घेतला की खाली धैवत उमलतो, आणि पहिला पुढे निघून गेला तरी तो रेंगाळत राहतो. हे सगळं चार केबल्समध्ये होतं.

अजून नातं एकतर्फी आहे. दुसऱ्या आवाजाचा एन्व्हलप ८व्हर्टमधून पहिल्या रॅम्पेजच्या ब च्या, म्हणजे विरामाच्या, चढ सीव्हीला जोडा. चिन्ह असं निवडा की खर्ज वाजत असताना विराम लांबतो. आता पहिला दुसऱ्याला जागं करतो आणि दुसरा पहिल्याला थांबवतो. या वर्तुळाने पॅचला वागणूक येते. कधी पहिला बराच वेळ खालच्या सुरांत फिरतो, खर्ज गप्प असतो आणि सूर पटापट येतात. मग एक पंचम लागतो आणि सगळं सावकाश होतं. हे तुम्ही कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

अशी वर्तुळं दोन-तीनच ठेवा. जास्त झाली की कशामुळे काय घडतंय ते कानाला सापडत नाही, आणि मग पुन्हा सगळं रँडमसारखं ऐकू येतं.

सावकाश बदल

सूर काही सेकंदांत बदलतो, रंग अर्ध्या-एक मिनिटात बदलावा, आणि घडण काही मिनिटांत. या तीन वेगांपैकी मधला आणि सावकाश वेग बहुतेक पॅचमध्ये नसतात.

मधल्या वेगासाठी तीन एलएफओ. आवर्तनं ४७, ६१ आणि ८३ सेकंदांची ठेवा, म्हणजे फ्रीक्वेन्सी अनुक्रमे ०.०२१३, ०.०१६४ आणि ०.०१२०. या तिन्ही मूळ संख्या असल्याने तिघं पुन्हा एकाच क्षणी सुरुवातीला येतात ते ४७ गुणिले ६१ गुणिले ८३, म्हणजे २,३७,९६१ सेकंदांनी. सुमारे ६६ तास झाले. ६०, ३० आणि १५ ठेवले असते तर दर मिनिटाला तेच. पहिला एलएफओ आसेच्या फिल्टरला, दुसरा खर्जाच्या फिल्टरला (खर्जाच्या ऑसिलेटरनंतरही एक फिल्टर घाला), तिसरा उंचीच्या ओळीवर. तिसऱ्यासाठी ८व्हर्टच्या पहिल्या ओळीनंतर एक व्हीसीए घाला आणि एलएफओने तो उघडझाप करा. घंटा रुंद-अरुंद होत राहील: कधी सूर गंधाराला चिकटून, कधी पार तार सप्तकात. तिन्हींचा परिणाम बेताचा ठेवा.

सावकाश वेगासाठी घड्याळ वापरू नका, घटना मोजा. अ चा ईओसी क्लॉक डिव्हायडरमध्ये घालून ३२ ने भागा आणि तो ट्रिगर एसईक्यू-३ सीक्वेन्सरच्या क्लॉक इनपुटला द्या. बत्तीस सूर झाले की सीक्वेन्सर एक पाऊल पुढे जातो. त्याच्या तीन ओळींपैकी पहिली देजा व्हूच्या सीव्हीला, दुसरी विरामाच्या वेळेला, तिसरी घुमाऱ्याच्या प्रमाणाला, आणि प्रत्येक ओळ स्ल्यू लिमिटरमधून, म्हणजे बदल सरकत येईल, आदळणार नाही. सूर दाट पडत असतील तर हा भाग लवकर संपतो, विरळ असतील तर लांबतो. घडणीची लांबी वादनातूनच निघते.

एका पावलावर आणखी काही हवं असेल तर दुसरा क्वांटायझर लावा, त्यात तीव्र मध्यम आणि निषाद धरून यमनचे सात सूर चालू ठेवा, आणि स्विचने तेवढ्यापुरतं त्याच्याकडे जा. पाच सुरांना सरावलेल्या कानाला बऱ्याच वेळाने येणारा तीव्र मध्यम केवढा उजेड पाडतो, ते ऐकूनच कळेल.

घुमारा आणि पातळी

प्लॅटो शेवटी लावा, आणि ३० टक्क्यांच्या वर नेण्याआधी विचार करा. भरपूर घुमाऱ्यात कोणताही पॅच सुंदर वाटतो, आणि म्हणूनच बांधताना तो बंद ठेवावा. कोरडा पॅच ऐकवत असेल तरच घुमारा त्याचा हक्काचा. डिले घालणार असाल तर फीडबॅकवर मर्यादा ठेवा आणि शेवटी लिमिटर लावा. तासन्तास चालणाऱ्या पॅचमध्ये कधीतरी सगळी व्होल्टेजेस एकाच वेळी वर जातात, आणि हेडफोन कानाला असताना ते व्हायला नको.

ऐकून दुरुस्त करणं

रेकॉर्डर मॉड्यूल लावून अर्धा तास रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. बांधत असताना डोळ्यांना दिवे आणि केबल्स दिसत असतात, त्यामुळे नसलेला बदलही ऐकू आल्यासारखा वाटतो. ऐकताना कुठेही उडी मारा: तिसरं मिनिट, चौदावं, सव्विसावं. तिन्ही जागा सारख्याच वाटल्या तर सावकाश वेग कमी पडतोय. तिन्ही एकमेकांना अनोळखी वाटल्या तर आठवण कमी पडतेय.

दुरुस्ती करताना मॉड्यूल वाढवण्याआधी एक केबल काढून पाहा. पॅच बिघडला नाही, तर ती केबल काही करत नव्हती. काय चाललंय ते कळेनासं झालं तर संशयित व्होल्टेज स्कोपवर बघा. बहुतेक वेळा ते इतकं मोठं असतं की पुढचा नॉब कायम टोकाला अडकून पडलेला असतो. आवाज तुटत असेल तर एफ३ दाबून कोणतं मॉड्यूल प्रोसेसर खातंय ते पाहा.

खऱ्या मॉड्यूल्सवर नेताना

युरोरॅकमध्ये हाच पॅच उभारायला लागतं ते एवढं: ईओसी देणारे, रॅम्पेजच्या एकेका भागासारखे तीन फंक्शन जनरेटर किंवा अशी दुहेरी दोन मॉड्यूल्स, एक दुहेरी सॅम्पल अँड होल्ड, क्वांटायझर, कम्पॅरेटर, चार ऑसिलेटर, आणि व्हीसीए व अ‍ॅटेन्युएटर (व्होल्टेजचं प्रमाण कमी करणारे) वाटतात त्याहून दुप्पट. आसेसाठी दोन ऑसिलेटर परवडत नसतील तर ती खुशाल तानपुऱ्याच्या अ‍ॅपमधून द्या. पॉवर सप्लाय घेताना सगळ्या मॉड्यूल्सचे मिलिअँपिअर +१२ आणि −१२ साठी वेगवेगळे बेरजेला घ्या आणि वर भरपूर वाव ठेवा. रिबन केबलची लाल कड −१२ व्होल्टच्या बाजूला येते. ती उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं, म्हणून वीज लावण्याआधी प्रत्येक जोड दोनदा बघा.

रॅकमधला आदर्श व्हाइट नॉइझ आणि तुमच्या मॉड्यूलमधला नॉइझ यांची पातळी वेगळी असेल, तेव्हा वर दिलेले टक्के तसेच न उचलता घंटेची रुंदी कानाने नव्याने ठरवा. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर गरम होईपर्यंत सरकत राहतात. षड्ज-पंचम चालू करून अर्धा तास तसेच राहू द्या, मग मिळवा, आणि बाकीचे दोन त्यांच्याशी जुळवून घ्या. मे महिन्यात पंख्याखाली चार तास चालणाऱ्या पॅचला मध्ये एकदा पुन्हा मिळवावं लागतं.